चाळीस डुकरं आणि एक कोपरा

इंग्लंडच्या जॉन राजाचा २५ नोव्हेंबर १२१५ या तारखेचा एक हुकूम तिथल्या सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. ह्यूबर्ट डी बर्ग या आपल्या मुख्य कारभाऱ्याला तो कळवतो की, रात्रंदिवस खपून चाळीस डुकरं ताबडतोब रवाना कर. चांगली चरबीदार बघून पाठव, पण खायला फारशी बरी नसतात त्यातली. बुरुजाखाली जाळ करायचा आहे.

माझी सगळी नोकरी स्टोअर्समध्ये गेली. नाशिकला, एका बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात. त्यामुळे इतिहासात तलवारी चमकायला लागल्या की या तलवारींचं बिल कुणी पास केलं असेल, इकडे माझं लक्ष हटकून जातं. जॉनचा हुकूम म्हणजे नमुनेदार इंडेंट आहे. नग किती, प्रत कुठली, काम काय, निकड किती, सगळं चार ओळींत. त्यातही काटकसर बघा, खाण्याजोगा माल जाळात घालायचा नाही! या राजाबद्दल त्याच्या देशात आजही कुणी चांगलं बोलत नाही आणि त्याला कारणंही भरपूर आहेत. पण हा कागद वाचल्यापासून माझा सूर जरा मवाळ झालाय.

लेक केंटमध्ये राहते. तिच्याकडून रॉचेस्टर जवळच. "बाबा, तुमच्यासाठी किल्ला आहे," म्हणून ती आम्हाला घेऊन गेली. बायकोची गाडीतच कुरकुर सुरू होती. "किल्ले बघायला समुद्र ओलांडून यायचं होय? अंकाई, ब्रह्मगिरी, रामशेज, घराभोवती काय कमी होते?" आणि खरं सांगायचं तर सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाची पहिल्या नजरेला निराशाच होते. कडा नाही, माची नाही, धाप लागावी अशी चढणसुद्धा नाही. मेडवे नदीच्या काठाला, भर गावात, कॅथीड्रलच्या शेजारी एक चौकोनी दगडी बालेकिल्ला उभा आहे, बस.

पायथ्याशी गेल्यावर मात्र मान मागे टाकावी लागते. ११३ फूट उंची. तळाशी भिंतीची जाडी सुमारे बारा फूट. ११२७च्या सुमारास कँटरबरीच्या आर्चबिशपने हे काम काढलं. आपल्याकडे जे काम कड्याने फुकट करून ठेवलंय, ते या लोकांनी पदरचे पैसे मोजून, दगडावर दगड चढवून उभं केलं. आत मजले आता उरलेले नाहीत. तुळया जिथे रुतवल्या होत्या ती भोकं रांगेने दिसतात, त्यात कबुतरं. बालेकिल्ल्याच्या मधोमध एक आडवी भिंत उभी आहे, तळापासून वरपर्यंत, आतल्या जागेचे सरळ दोन भाग करणारी. आणि त्या भिंतीच्या पोटातून विहिरीचा नळ वर गेलाय. प्रत्येक मजल्यावर त्याला तोंड ठेवलंय, म्हणजे कुठल्याही मजल्यावरून पोहरा सोडून पाणी काढता यावं. खालचे मजले शत्रूच्या हातात गेले तर काय, याचा विचार बांधणाऱ्याने आधीच केला होता. मी त्या तोंडाशी बराच वेळ रेंगाळलो. बायकोलाही ते पटलं. "पाण्याची सोय बघून बांधलंय," एवढं प्रशस्तिपत्रक तिने दिलं.

बाहेर येऊन चक्कर मारली की एक विसंगती लगेच डोळ्यांत भरते. बालेकिल्ल्याच्या चार कोपऱ्यांना चार बुरूज. तीन चौकोनी, एक गोल. तो गोल आग्नेयेकडचा. चाळीस डुकरं गेली ती तिथे.

१२१५ म्हणजे मॅग्ना कार्टाचं साल. जूनमध्ये रनिमीडच्या कुरणावर सरदारांनी जॉनकडून सनद लिहून घेतली, आणि थंडीची चाहूल लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी ती गुंडाळून ठेवली होती. लंडन बंडखोरांकडे, जॉन डोव्हरच्या बाजूला, आणि दोहोंमधल्या हमरस्त्यावर, नदीच्या पुलाशी हे रॉचेस्टर. ऑक्टोबरात विल्यम डॉबिनी नावाचा सरदार शंभरेक शिलेदार घेऊन आत शिरला. दरवाजा आतल्यांनीच उघडला, त्यामुळे किल्ला आयता मिळाला. कोठ्या उघडून बघतात तर खडखडाट. ना धान्य, ना हत्यारं. काहींनी तिथल्या तिथे परत फिरायची भाषा काढली. डॉबिनीने त्यांना लाजवलं, मग गावात जे हाताला लागलं ते ओढून आत आणलं. दोन-तीन दिवसांत जॉन दारात हजर. स्टोअर्सचा चार्ज घ्यावा, माल रजिस्टरला असावा पण रॅकवर नसावा, आणि दुसऱ्या दिवशी ऑडिट यावं, तसला हा प्रकार.

जॉनने पहिल्यांदा पूल तोडला. लंडनहून मदत यायची ती वाट बंद. मग कँटरबरीला हुकूम गेला की बाकीची कामं ठेवा बाजूला आणि रात्रंदिवस कुदळी घडवा. धोंडे फेकणारी पाच यंत्रं लावली. यंत्रांनी दिवसरात्र मारा केला, पण बारा फुटी भिंतीला त्याचं काय! शेवटी कुदळींची पाळी आली. आधी बाहेरचा तट पाडला, मग बालेकिल्ल्याचा पाया.

सुरुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दारूचा स्फोट येतो. त्या काळी युरोपात स्फोटाची दारू वापरात नव्हती. काम असं चालायचं: वरून तेल, धोंडे, बाण काहीही आलं तरी टिकेल असा कातड्यांनी मढवलेला मांडव भिंतीपर्यंत सरकवत न्यायचा किंवा दुरूनच जमिनीखालून बोगदा घ्यायचा. पायाशी पोचलं की दगड एकेक करून काढायचे, आणि काढलेल्या प्रत्येक जागी लाकडी टेकू द्यायचा. म्हणजे थोड्या दिवसांनी अख्खा कोपरा लाकडावर उभा. मग त्या पोकळीत काटक्या, फांद्या भरायच्या आणि पेटवून बाहेर पळायचं. टेकू जळले की वरचा डोलारा आपल्या वजनाने खाली बसतो. जमिनीखालच्या कोंदट पोकळीत जाळ धरून ठेवायचा तर चरबीसारखं दुसरं इंधन नाही. म्हणून ती डुकरं. कोपराच का निवडायचा, तर चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्याला दोन बाजूंनी खणता येतं, आणि वरच्या तिरंदाजाला नेमका तोच पायथा दिसत नाही. गोल बुरुजाला अशी सोयीची कड मिळत नाही. पुढे जॉनच्या मुलाच्या कारकिर्दीत पडलेला भाग पुन्हा बांधला तो गोल, आणि बाकीचे तीन राहिले तसेच.

आतल्यांकडेही उपाय असत. जमिनीवर पाण्याने भरलेली भांडी ठेवायची, खाली कुदळ चालली की पाण्यावर तरंग उठतो. कुठून खणतायत कळलं की आतून उलटा बोगदा काढून अंधारात एकमेकांना भिडायचं. पण सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे किल्ला पाण्यात बांधणं किंवा खडकावर बांधणं. खडकाचीही पूर्ण खात्री देता येत नाही, हे साताऱ्याने दाखवलं. १७०० साली औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याच्या खडकात सुरुंग खोदले, तोवर दारू आलेली होती. त्यातला एक भलत्याच अंगाने उडाला आणि तट आत पडायच्या ऐवजी बाहेर, हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगल फौजेवरच कोसळला. खणणाऱ्याचं गणित चुकलं की काय होतं, त्याचा इतका धडधडीत दाखला दुसरा नसेल.

जॉनचं गणित चुकलं नाही. कोपरा बसला. आणि तरीही बालेकिल्ला पडला नाही! आतले लोक मधल्या आडव्या भिंतीपलीकडे सरकले आणि अर्ध्या इमारतीतून लढत राहिले. मला हा सगळ्या वेढ्यातला अचाट भाग वाटतो. शत्रू त्याच छपराखाली, एका भिंतीच्या पलीकडे, आणि यांच्याकडे विहिरीचं पाणी आहे, घोडे आहेत. घोडे स्वारीला नव्हे, खायला. त्या काळच्या वृत्तांतकाराने मुद्दाम नोंदवलंय की खानदानी घोड्यांचं मांस खायची वेळ या लोकांवर आली. घोडेही संपत आले तेव्हा लढाईला निरुपयोगी झालेली माणसं बाहेर काढली गेली. जॉनने त्यांतल्या काहींचे हातपाय तोडले. मघाशी माझा सूर मवाळ झाला म्हणालो, तो इथे परत घेतो.

बाहेरून मदतीचं काय? डॉबिनीला साथीदारांनी शपथेवर सांगितलं होतं की तुला वेढा पडला तर आम्ही धावून येऊ. ते निघालेही. लंडनहून डार्टफर्डपर्यंत आले आणि तिथून माघारी फिरले. याबद्दल एका मठवासी इतिहासकाराने असं लिहून ठेवलंय की त्यांच्या तोंडावर दक्षिणेची मंद झुळूक येत होती, जी सहसा कुणाला बाधत नाही, पण हे मात्र नंग्या तलवारी अंगावर आल्यासारखे परतले, आणि लंडनला जाऊन पुन्हा फाशांच्या डावात आणि दारूत रमले. आठशे वर्षांपूर्वीचा हा चिमटा अजून बोचतो. खरं तर वेढ्याचा निकाल बहुतेक वेळा असाच बाहेर लागतो. आतल्यांनी किती दिवस काढायचे हे कोठी ठरवते. पण कशासाठी काढायचे, हे मागून येणाऱ्या फौजेवर असतं. ती येणारच नसेल तर सगळी तटबंदी म्हणजे नुसता उशीर.

सात आठवडे काढून ३० नोव्हेंबरला त्यांनी हत्यारं खाली ठेवली. जॉनला सगळ्यांना फासावर द्यायचं होतं. त्याला अडवलं त्याच्याच बाजूच्या सावारी द मोलेऑं या सरदाराने. दयामाया हा मुद्दाच त्याने काढला नाही. तो म्हणाला, युद्ध अजून संपलेलं नाही. उद्या तुमचे किल्ले पडतील तेव्हा आमच्या माना त्यांच्या हातात असतील. तुम्ही आज यांना लटकावलंत तर उद्यापासून तुमच्यासाठी किल्ला लढवायला कोण उभं राहणार? जॉनला पटलं. एका वृत्तांताप्रमाणे फाशी गेला तो फक्त एक धनुर्धारी, ज्याला जॉनने पोरवयापासून पोसलं होतं. डॉबिनी कैदेत गेला आणि पुढे दंड भरून सुटला. सरदारांचा हिशेब सरदारांशी असतो, तो रोखीत भागतो. धनुर्धाऱ्याकडे दंड भरायला काही नसतं.

वेढ्याच्या दरम्यान म्हणे एका धनुर्धाऱ्याने डॉबिनीला विचारलं होतं, राजा टप्प्यात आलाय, बाण सोडू? डॉबिनी म्हणाला, नको, देवाने अभिषेक केलेल्या माणसाला मारणारे आपण कोण? त्यावर तो म्हणाला, तुम्ही त्याच्या टप्प्यात आलात तर तो नाही सोडणार. हा आणि तो फाशी गेलेला एकच होते का, हे कागदावरून ठरत नाही.

वेढ्याच्या नाट्याविषयी बोलायचं तर तेल आठवतंच. सिनेमात तटावरून उकळत्या तेलाचे हंडे उलटतात. तेल महाग वस्तू. माझ्यासारखा कोठीवाला ते ओतू देण्याआधी तीन सह्या मागेल. उकळतं पाणी, तापवलेली वाळू, चुनकळी ही स्वस्त आणि तेवढीच वाईट. वाळू चिलखताच्या फटीतून आत जाते, चुना डोळ्यांत. दरवाज्यावरच्या छतातली ती कुप्रसिद्ध भोकंही बऱ्याचदा खालून लावलेली आग विझवायला पाणी ओतण्याच्या कामाची. गोल जिने उजवीकडे वळतात ते उतरणाऱ्याला तलवार फिरवता यावी म्हणून, असं तिथला प्रत्येक गाईड सांगतो. अभ्यासक आता यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत, कारण डावीकडे वळणारे जिनेही मुबलक सापडतात. आपल्याकडे नाही का, प्रत्येक गडावर एक भुयार असतं आणि ते थेट दुसऱ्या गडावर निघतं! पळसाला पाने तीन.

आता मूळ गोष्ट, म्हणजे कोठी. किल्ला घ्यायचे मार्ग मोजून चार-पाच: शिड्या लावून चढणं, भिंत फोडणं, पाया खणणं, आतला माणूस फितवणं, आणि नाक दाबून बसणं. नाक दाबलं की तोंड उघडतं, फक्त वेळ लागतो. हा शेवटचा मार्ग सर्वांत रटाळ, म्हणून गाण्या-पोवाड्यांत त्याला जागा नाही. पण वेढा घालणाऱ्यालाही खायला लागतं. बाहेर चिखलात हजारो माणसं, जनावरं, हगवण, थकलेला पगार. दोन्ही बाजूंचे कोठीवाले एकमेकांचा साठा अंदाजत बसलेले असतात. आत माणसं जितकी कमी तितकं धान्य पुरतं. तटावर पहाऱ्याला आणि यंत्रांना लागतील तेवढी माणसं ठेवली की बाकीचं प्रत्येक तोंड म्हणजे खर्च. हे वाक्य मी लिहिलं खरं, पण त्याचा पुढचा हिशेब जिथे झाला त्या जागेचं नाव शातो गेयार.

नॉर्मंडीत, म्हणजे आजच्या उत्तर फ्रान्समध्ये, सेन नदीच्या वळणावर, चुनखडीच्या उंच कड्यावर इंग्लंडच्या रिचर्ड राजाने हा किल्ला बांधला. ११९६ ते ११९८, जेमतेम दोन वर्षांत. भल्यामोठ्या खर्चाने. फ्रान्सचा फिलिप राजा म्हणाला होता, याच्या भिंती लोखंडाच्या असत्या तरी मी हा घेतला असता. त्यावर रिचर्डचं उत्तर होतं, लोण्याच्या असत्या तरी मी राखला असता. ही तोंडाची वाफ खरी की मागाहून रचलेली, कोण जाणे. ११९९ मध्ये रिचर्ड गेला, गादीवर त्याचा भाऊ, आपला डुकरांवाला जॉन आला. १२०३ मध्ये फिलिपने वेढा घातला. जॉनने नदीतून आणि जमिनीवरून एकाच वेळी रात्री कुमक धाडायचा बेत केला. पण नदीच्या पाण्याने होड्यांना उशीर केला, जमिनीवरचे आधी पोचले आणि मार खाऊन परतले, होड्या नंतर पोचल्या आणि त्यांनीही मार खाल्ला. नंतर जॉन फिरकला नाही.

कड्याखालचं प्ती आंदली हे गाव फिलिपने घेतलं तेव्हा तिथले लोक पोरंबाळं घेऊन वर किल्ल्यात आले. हजाराच्या वर माणसं. किल्लेदार रॉजर डी लेसीने थोडे दिवस काढले, मग धान्य मोजलं. म्हातारी-कोतारी निवडून त्याने एक जथा बाहेर काढला. फ्रेंच सैनिकांनी वाट दिली. दुसरा जथा काढला, त्यालाही वाट मिळाली. फिलिपला कळलं तेव्हा तो भडकला. ही माणसं आत राहिली तर धान्य लवकर संपेल, एवढा साधा हिशेब त्यालाही येत होता. त्याने वाट बंद केली. तिसरा जथा निघाला तेव्हा समोरून बाण आले. माणसं उलट फिरून दरवाज्याकडे धावली. दरवाजा लावलेला.

तटापासून वेढ्याच्या रेषेपर्यंतची मधली जागा, खडकाळ उतार आणि घळी. शेकडो माणसांनी तिथे उघड्यावर हिवाळा काढला. हे आपल्याला सांगतो तो गियोम हा फिलिपचाच धर्मगुरू, वेढ्यात जातीने हजर असलेला. म्हणजे शत्रुपक्षाची बदनामी म्हणून हे लिहिलंय, असंही म्हणता येत नाही. गवत खाल्लं. किल्ल्यातून एक कोंबडी उडून बाहेर पडली, ती पिसांसकट खाल्ली. मग डी लेसीने धान्य वाचवायला कुत्रीही बाहेर हाकलली. माणसांनी ती खाल्ली. याच्या पुढचंही त्याने लिहिलंय, ते मी इथे घेत नाही. महिन्यांनी फिलिप स्वतः पाहणीला आला, तेव्हा या लोकांनी पुलावरून जाणाऱ्या राजाला हाका मारल्या. त्याने त्यांना सोडायला आणि खायला द्यायला सांगितलं. त्यांच्यात एक माणूस होता, कुत्र्याची तंगडी हातात घट्ट धरलेला. टाक म्हटलं तर टाकेना. इतके दिवस मला हिने जगवलं, आधी भाकरी पोटात जाऊ दे, म्हणाला. भाकरी दिली. इतक्या उपासानंतर ती धड गिळताही येईना. खायला मिळाल्यावर बरेचजण मेले.

डी लेसी वाईट माणूस होता का? मी यावर खूप विचार केलाय. साठा आणि माणसं यांचा भागाकार मीही आयुष्यभर केला, फक्त माझ्याकडे भाजकाच्या जागी बेअरिंग आणि बोल्ट होते. त्याच्या जागी बसून मला दुसरं उत्तर सुचत नाही, आणि ते उत्तर मान्यही होत नाही. शिवाय ज्यासाठी हे केलं तो किल्ला उपासमारीने पडलाच नाही. ६ मार्च १२०४ ला तो पडला तो लढून. बाहेरचा बुरूज पाया खणून पाडला. दुसऱ्या तटात जॉननेच हौसेने बांधलेल्या नव्या इमारतीच्या खिडकीतून बोजी नावाचा एक शिपाई चढून आत गेला आणि त्याने दार उघडलं. काहीजण सांगतात की तो शौचकुपाच्या नळातून चढला. लोकांना तीच गोष्ट जास्त आवडते. शेवटच्या तटापाशी खंदकात खडकाचाच एक पूल न तोडता ठेवला होता, त्याच्या आडोशाने फ्रेंचांनी पुन्हा पाया खणला. त्याच उन्हाळ्यात नॉर्मंडीची राजधानी रूआंही पडली आणि नॉर्मंडी इंग्लंडच्या हातून गेली.

केनिलवर्थचा वेढा या मानाने सुसंस्कृत म्हणायचा. हाही इंग्लंडमधलाच, आत बंडखोर आणि बाहेर जॉनचा मुलगा, राजा तिसरा हेन्री. १२६६च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत, सहा महिने. किल्ल्याभोवती ओढे अडवून केलेला प्रचंड तलाव, त्यामुळे खणायची सोय नाही. पार चेस्टरहून होड्या आणल्या, पाण्यातून हल्ला करून पाहिला, फसला. लाकडी मनोरे आणले, ते आतल्या यंत्रांनी फोडले. पोपच्या वकिलाने किल्ल्यासमोर उभं राहून सगळ्यांना धर्मबहिष्कृत केलं. त्यावर आतल्या एका वैद्याने पांढरा झगा चढवला आणि तटावर उभं राहून उलट त्या वकिलाला, राजाला आणि त्यांच्या फौजेला बहिष्कृत केलं. मला हा माणूस फार आवडतो. शेवटी राजाने बसून तोडगा काढला: बंडखोरांच्या जप्त जमिनी त्यांना परत मिळतील, पण दंड भरून. बहुतेकांना वार्षिक उत्पन्नाच्या पाचपट. आतल्यांनी आधी तो धुडकावला, मग दोन दिवसांचं धान्य उरलं आणि रोगराई पसरली तेव्हा मान्य केला. माणसं जिवंत बाहेर पडली. आत गेलेल्या विजेत्यांना तिथली घाण सोसवेना, असं नोंदलेलं आहे.

असे सौदे आपल्याला नवे नाहीत. औरंगजेबाने शेवटच्या वर्षांत सह्याद्रीतले किल्ले घेतले, त्यांतले कैक पैसे मोजून. किल्लेदाराने थोडं लढायचं, पावसाळा अंगावर येऊ द्यायचा, मग भाव ठरवायचा, रक्कम घेऊन सामानासकट उतरायचं, आणि बादशहाची पाठ वळली की गड परत घ्यायचा. शाळेत हे कुणी अभिमानाने शिकवत नाही. माझ्या मते शिकवायला हवं. त्या पैशांवर पुढची शिबंदी उभी राहिली.

स्टर्लिंगचा किल्ला स्कॉटलंडमधला. १३०४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने त्याला वेढा घातला. आत सर विल्यम ऑलिफंट आणि तिशीभर माणसं. एडवर्डने यंत्रांच्या वजनांसाठी चर्चच्या छपरांवरचं शिसं काढून आणवलं, आणि वॉरवुल्फ नावाचं एक अजस्र धोंडेफेक यंत्र बांधायला घेतलं. पाच मुख्य सुतार आणि पन्नासेक मजूर त्यावर राबत होते. राणीला आणि तिच्या सख्यांना मजा बघता यावी म्हणून गावातल्या एका घराला खास खिडकी काढली. यंत्र पुरतं तयार व्हायच्या आत किल्ल्याने शरणागती देऊ केली. एडवर्डने ती घेतली नाही! यंत्राचा एक तरी मारा होईपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही, असा हुकूम. माणसं आत बसवून त्याने चार दिवस यंत्र चालवलं, तट फोडून घेतला आणि मग त्यांना शरण येऊ दिलं. बजेट संपवायला मार्चअखेरीस होणारी खरेदी मी पाहिलेली आहे. पण घेतलेली मशिनरी चालवून दाखवायची म्हणून ही असली तऱ्हा, तीही जिवंत माणसांवर!

दहा वर्षांनी तोच किल्ला इंग्रजांकडे आणि वेढा घालणारे स्कॉट. किल्लेदार मोब्रेने करार केला: २४ जून १३१४ पर्यंत आमची फौज सोडवायला आली नाही तर किल्ला तुमचा. दुसरा एडवर्ड त्या मुदतीत मोठी फौज घेऊन आला, आणि किल्ल्याच्या नजरेसमोर बॅनकबर्नला स्कॉटांचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्याकडून सपाटून हरला. पळता पळता तो स्टर्लिंगच्या दारात आला. मोब्रेने सांगितलं, आत घेतो, पण किल्ला मला कराराप्रमाणे द्यावा लागणार, तुम्हीही त्यातच सापडाल. राजा घोड्यावरून तसाच डनबारकडे सुटला. मोब्रेने किल्ला हवाली केला, आणि ब्रूसने त्याचे तट पाडून टाकायला लावले. एवढ्या मोठ्या किल्ल्यात कायमची शिबंदी आणि धान्य भरून ठेवण्याइतकी त्याची ऐपत नव्हती, आणि रिकामा ठेवला तर इंग्रज येऊन बसणार. त्याने असे बरेच किल्ले पाडले. लेकीच्या घरी जेवताना हे सांगितलं तर बायको म्हणाली, "शहाणा होता. झेपत नाही तर कशाला ठेवायचं?" जावयाने तोवर पुढच्या शनिवारची डोव्हरच्या किल्ल्याची तिकिटं काढली होती.